‘पारा’: प्रोसेसर किती तापला ते सांगणारं टूल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पारा’ हे विंडोज आणि लिनक्ससाठीचं छोटं टूल आहे. घड्याळाशेजारी प्रोसेसरचं तापमान दाखवायचं, त्याची नोंद ठेवायची आणि हद्द जवळ आली की ओरडायचं, एवढंच त्याचं काम. नागपुरातले आम्ही काही जण नोकरी-धंदा सांभाळून हौसेनं ते लिहितो. एप्रिल लागला की विचारणा वाढते आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केलेत, आले तसेच, त्यांच्या भाषेसकट.

टूल ७८ दाखवून राहिलं. जास्त आहे का?

नुसत्या ७८ वरून काही सांगता येत नाही. कोणत्या प्रोसेसरचे ७८, काम काय चालू होतं आणि खोली किती तापली होती, हे कळल्याशिवाय तो आकडा अर्धवटच. म्हणून ‘पारा’त तापमानाच्या शेजारी दुसरा आकडा दिसतो: हद्द गाठायला किती अंश उरले. आधी तो बघा. वीसच्या वर असेल तर निवांत कामाला लागा. साधं ब्राउझर उघडलं तरी दहाच्या आत येत असेल, तर कॅबिनेट उघडून धूळ बघायची वेळ झाली.

इंटेलच्या प्रोसेसरमधून मुळात हा दुसरा आकडाच बाहेर येतो. प्रत्येक कोअरमध्ये एक डिजिटल सेन्सर असतो आणि तो फक्त ‘कमाल मर्यादेपासून मी इतका खाली आहे’ असं सांगतो. हेक्स १९सी (हेक्स म्हणजे सोळाच्या पटीतली मोजणी) या एमएसआर रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एका छोट्या कप्प्यात, १६ ते २२ क्रमांकाच्या सात बिटांत हे अंतर असतं. ३१ क्रमांकाचा बिट हे वाचन ग्राह्य आहे की नाही ते सांगतो. तो शून्य असेल तर आम्ही जुना आकडा रेटत नाही, सरळ आडवी रेघ दाखवतो. अंतर २२ आलं आणि मर्यादा १०० असली की वजाबाकी करून ७८ लिहितो. थोडक्यात, अंतर प्रोसेसरनं सांगितलेलं, तापमान आम्ही काढलेलं.

मग ही कमाल मर्यादा तुम्हाला कोण सांगतं?

आता प्रोसेसरच सांगतो. २००८ च्या अखेरीस नेहालेम ही पिढी आली तेव्हापासून इंटेलच्या प्रोसेसरांत ती हेक्स १ए२ या रजिस्टरमध्ये लिहिलेली असते. डेस्कटॉपवर बहुधा १०० सापडते. लॅपटॉपवर १०० किंवा १०५ दिसते. काही लॅपटॉप कंपन्या ती मुद्दाम खाली आणून ठेवतात, म्हणून आम्ही ती कधीही गृहीत धरत नाही, दर वेळी वाचतो.

त्याआधीच्या कोअर २ च्या काळात ही सोय नव्हती आणि इंटेलनं डेस्कटॉपचे आकडे जाहीरही केले नव्हते. टूल लिहिणारे अंदाज बांधायचे. कुणी ८५ धरायचा, कुणी १००, कुणी १०५. त्यामुळे एकाच मशीनवर दोन टूलं दहा-पंधरा अंशांच्या फरकानं भांडायची आणि दोघंही खरंच वाचत असायचे. २००८ मध्ये इंटेलनं आपल्या डेव्हलपर फोरममध्ये ते आकडे दिले, तेव्हा वाद निवळला. आमच्या तक्त्यात तेच आहेत. तरी कोअर २ वर आकड्याआधी ‘~’ ही खूण दिसेल. झेरॉक्सच्या दुकानांत अशी मशीनं अजून चालतात, म्हणून हा भाग काढून टाकलेला नाही.

माझा रायझन आहे. त्याचंही असंच गणित का?

नाही. एएमडीचा रायझन थेट अंशांत सांगतो, पण त्याची वेगळी गंमत आहे. त्याच्या आतल्या एसएमएन नावाच्या जाळ्यावर हेक्स ५९८०० या पत्त्यावर तापमान मिळतं. वरचे ११ बिट घ्यायचे आणि ०.१२५ ने गुणायचं. १९ क्रमांकाचा बिट लागलेला, म्हणजे १ असेल तर त्यातून ४९ वजा करायचे, कारण तेव्हा मोजपट्टी शून्याऐवजी उणे ४९ पासून सुरू होते. ही वजाबाकी विसरलेलं टूल अगदी गंभीर चेहऱ्यानं ९० दाखवतं आणि मालक घाबरून जातो.

त्यातही पहिल्या पिढीच्या १६००एक्स, १७००एक्स आणि १८००एक्सवर आकडा मुद्दाम २० नं वाढवलेला असतो, २७००एक्सवर १० नं आणि पहिल्या थ्रेडरिपरवर २७ नं. सगळ्या मॉडेलांवर पंखे एकाच धोरणानं फिरावेत म्हणून एएमडीनं हे केलं. पंख्यासाठी ते ठीक, माणसासाठी नाही. आम्ही मॉडेलचं नाव बघून ही वाढ वजा करतो आणि ‘कच्चा’ वर टिचकी मारली तर मूळ आकडाही दाखवतो.

खोलीत थर्मामीटर ४१ सांगतो आणि कोअर ३४! काय बाप्पा, तुमचं टूल?

पंख्याच्या वाऱ्यावर चालणारा प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, त्यामुळे तो ३४ चुकीचा आहे, हे तुमचं म्हणणं मान्य. पण सेन्सर बिघडलेला नाही. त्याचं मूळ काम प्रोसेसरला जळण्यापासून वाचवणं, म्हणून तो मर्यादेच्या जवळ नेमका आणि जितका लांब तितका ढिला असतो. काही ४५ नॅनोमीटरच्या कोअर २ मध्ये तर तो एका ठरावीक आकड्याच्या खाली उतरायलाच तयार नसायचा, बाहेर थंडी असो की काहीही.

म्हणून अंतर ५० च्या वर गेलं की ‘पारा’ आकडा फिकट रंगात दाखवतो. फिकट आकड्यावर वाद घालू नका, कुणाशी पैज तर मुळीच लावू नका. कोअर-कोअरमध्ये पाच-सात अंशांचा फरकही असाच नेहमीचा आहे.

इंटरनेटवर म्हणतात, काही काम नसताना ३५ ते ४० पायजे. माझा मे महिन्यात ५८ असते. काहून?

कारण तो सल्ला लिहिणाऱ्याच्या खोलीत २२ अंश असतात. नागपूरचा उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९ अंश, २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे इथेच ३.५ अंश नोंदले गेले. ज्या गावात पाऱ्याची उडी एवढी, तिथे बाहेरगावचा ठोक आकडा लावून भागत नाही.

हिशेब साधा आहे. प्रोसेसर किती वॅट खातो त्या प्रमाणात तो आजूबाजूच्या हवेपेक्षा वर चढतो. समजा तुमचा हीटसिंक (प्रोसेसरवरची धातूची पाती) आणि त्यावरचा पंखा दर वॅटमागे अर्धा अंश चढू देतो आणि प्रोसेसर ६५ वॅट खातोय, तर तो हवेपेक्षा साडेबत्तीस अंश वर जाईल. जानेवारीत खोली २४ असली तर साडेछप्पन, मे महिन्यात स्लॅबखालची खोली ४० असली तर साडेबहात्तर. मशीन तेच, पंखा तोच. प्रत्यक्षात उन्हाळ्यात थोडा जास्तच चढतो, कारण तापलेल्या सिलिकॉनमधून गळणारा करंट वाढतो आणि त्याचीही उष्णता होते.

‘पारा’त ‘खोली’ नावाचा रकाना याचसाठी आहे. साधा डिजिटल थर्मामीटर कॅबिनेटच्या त्या बाजूला ठेवा, जिथून हवा आत शिरते. तो आकडा रकान्यात भरला की टूल ‘खोलीपेक्षा इतकं वर’ असं दाखवतं. मोबाइलवरचा हवामानाचा आकडा भरू नका. वेधशाळेचं तापमापक सोनेगावला मोकळ्या जागी सावलीत असतं, तुमचं मशीन महालातल्या माडीवर. हिवाळ्यात एकदा आणि मे महिन्यात एकदा, दोन्ही वेळा एकच काम चालवून हे ‘वर’ लिहून ठेवा. दोन्हींत दोन-तीन अंशांचाच फरक असेल तर हीटसिंक, पंखा, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट, सगळं ठीक आहे, तापलंय ते नागपूर. ३२ चे ४५ झाले असतील तर मात्र धूळ किंवा वाळलेली पेस्ट.

मंग सीपीयू कूलरसमोर ठेवू का?

पाण्याचा कूलर चालू असलेल्या खोलीत मशीन ठेवा, थेट कूलरच्या तोंडासमोर नको.

खोलीत ठेवण्याचा फायदा मोठा आहे. आपल्याकडे एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की बऱ्यापैकी ओल्या ताट्यांचा कूलर खोली सहज दहा-बारा अंशांनी उतरवतो, आणि तेवढेच अंश प्रोसेसरवरूनही उतरतात. ओलसर हवेनं आत पाणी जमेल ही भीती बहुतेकांना असते. चालू मशीनचे भाग हवेपेक्षा गरम असतात आणि दव फक्त थंड पृष्ठभागावर धरतं, तेव्हा तसं होत नाही. खरा त्रास वेगळा. वाळ्याच्या किंवा लाकडी पेंढ्याच्या ताट्यांवर पाणी जास्त सोडलं की वाऱ्याबरोबर बारीक शिंतोडे उडतात. पाणी बोअरचं असेल तर त्यातले क्षार बोर्डावर पांढरे डाग पाडतात, पत्रा गंजतो, आणि ओली झालेली धूळ हीटसिंकच्या पात्यांत अशी बसते की ब्रशनं निघत नाही. कूलरची दिशा तिरकी ठेवा, हात धरल्यावर ओलावा लागतो तिथे मशीन नको.

जुलैत हा खेळ संपतो. हवेत ओल आली की कूलर नुसता पंखा उरतो. म्हणून काही जणांना ‘बाहेर ४४ होते तेव्हा ६८, आता ३३ आहेत तर ७१, हे उलटं कसं’ असा प्रश्न पडतो. मे महिन्यात कूलरनं खोली ३० वर ठेवली होती, आता ती ३३ आहे. उलटं काही नाही.

नवतप्यात व्हिडिओ रेंडर दिवसा लावू का रात्री?

पहाटे. नवतपा म्हणजे मे अखेरचे तापलेले नऊ दिवस, तेव्हा रात्री अकराला स्लॅब अजून दिवसभराचं ऊन बाहेर टाकत असतो.

९५ झालं तर जळून जाईल का?

नाही. मर्यादा गाठली की प्रोसेसर आपणहून वेग आणि व्होल्टेज कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही चढतच राहिला, म्हणजे समजा हीटसिंक निसटला, तर मशीन एका झटक्यात बंद होतं. हे दोन्ही हार्डवेअरमध्येच आहे, विंडोज अडकलेलं असलं तरी चालतं. रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर तर पूर्ण भार आला की ९५ पर्यंत जाऊन तिथेच थांबतील अशा बेतानंच बनवलेत. त्यांच्यावर ‘उरलेले अंश’ शून्य दिसले तरी घाबरू नका, वेग किती टिकतोय ते बघा.

नुकसान होतं ते कामाचं. दुपारी तीनला रेंडरला लागणारा वेळ आणि पहाटेचा वेळ यांत फरक पडत असेल तर तुम्ही थ्रॉटलिंगचे पैसे मोजताय. इंटेलवर ‘मागे कधी थ्रॉटल झाला होता का’ हेही कळतं: त्याच १९सी रजिस्टरमधला १ क्रमांकाचा बिट एकदा लागला की कुणी पुसेपर्यंत लागलेलाच राहतो. ‘पारा’त तो लाल ठिपका म्हणून दिसतो. तुम्ही टिचकी मारून पुसा, मग दुपारभर काम करा, संध्याकाळी बघा.

बायोसमध्ये ५५ आणि विंडोजमध्ये ४३. खरं कोण?

दोघंही. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम, त्याच्या पडद्यावर प्रोसेसर झोपत नाही. विंडोज मात्र काम नसलं की कोअर मिटवून ठेवतं. वरून मदरबोर्ड वेगळ्या सेन्सरचा आकडा दाखवत असेल तर आणखी फरक.

‘पॅकेज’चा आकडा सगळ्या कोअरांपेक्षा जास्त कसा?

पॅकेज म्हणजे आख्ख्या चकतीतला सगळ्यात गरम बिंदू. त्यात आतला ग्राफिक्सचा भागही येतो. गेम चालू असताना कोअर थंड आणि पॅकेज गरम दिसणं ठीकच आहे.

मदरबोर्डच्या यादीत एक सेन्सर १२७ अंश दाखवून राहिला. आग लागली का?

नाही लागली. बोर्डावरच्या सुपर आयओ या पंखे-सेन्सर सांभाळणाऱ्या चिपला तीन-चार, कधी जास्त, तापमानाच्या तारा जोडायची सोय असते. उत्पादकानं एखाद्या ठिकाणी तापमान मोजणारा थर्मिस्टर जोडलेलाच नसतो, आणि मोकळी वायर १२७, उणे १२८ किंवा २५५ असलं काहीतरी सांगत बसते. हे आकडे आठ बिटांच्या टोकाचे आहेत, तापमानाचे नाहीत. आम्ही टोकावर अडकलेले सेन्सर डीफॉल्टनं लपवतो.

टोकाचा नसलेला पण अशक्य आकडा ओळखणं जास्त अवघड. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या रामदासपेठच्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश नोंदवले, देशभर बातमी झाली आणि नंतर हवामान खात्यानं सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं सांगितलं. तिथे संशय घेता आला तो शहरातल्या बाकीच्या केंद्रांमुळे. तुमच्या बोर्डावरही तोच उपाय: बाकी सगळे सेन्सर चाळिशीत आणि एकटाच ८८, तोही भार टाकला-काढला तरी हलत नसेल, तर त्याला यादीतून काढा.

टास्क मॅनेजर ग्राफिक्स कार्डाचं तापमान दाखवतो. मग प्रोसेसरचं दाखवायला टूल कशाला लागतं?

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर विंडोजला तापमान एका ठरलेल्या पद्धतीनं देतो, म्हणून २०२० च्या विंडोज १० अपडेटपासून ते टास्क मॅनेजरमध्ये दिसू लागलं. प्रोसेसरसाठी अशी सर्वमान्य वाट नाही. विंडोजच्या डब्ल्यूएमआय या मशीनची माहिती देणाऱ्या सोयीत थर्मल झोन नावाचं काहीतरी सापडतं, नवशिके सगळे आधी तिथेच जातात. ते केल्विनच्या दहाव्या भागात उत्तर देतं: ३०१० आलं तर २७.८५ अंश. अडचण अशी की पुष्कळ बोर्डांवर ते सकाळ-संध्याकाळ ३०१० च असतं. बायोसवाल्यानं रकाना भरायचा म्हणून भरलेला असतो. त्यावर टूल उभारू नका.

डिफेंडर तुमच्या जुन्या आवृत्तीला व्हायरस म्हणून पकडून राहिला. भरवसा कसा ठेवू?

डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्या अँटिव्हायरसचं, बरोबर आहे. जुनी आवृत्ती काढा, नवी घाला.

झालं असं. एमएसआर वाचायची सूचना फक्त कर्नलमधून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून चालते. साध्या प्रोग्रामनं ती चालवली की प्रोसेसर त्याला हाकलून देतो. त्यामुळे प्रत्येक तापमान-टूलला एक ड्रायव्हर लागतो. हौशी मंडळींकडे स्वतःचा नव्हता, म्हणून वर्षानुवर्षं जवळजवळ सगळ्यांनी विनरिंग० हा एकच मुक्त ड्रायव्हर वापरला: पंखे फिरवणाऱ्यांनी, रंगीत दिवे लावणाऱ्यांनी, आम्हीही. त्याचा दोष असा की तो कुणाचंही ऐकतो. एकदा तो मशीनवर बसला की कुठलाही किरकोळ प्रोग्राम त्याच्यामार्फत मेमरीत वाटेल तिथे वाचू-लिहू शकतो. २०२० मध्येच या त्रुटीला अधिकृत क्रमांक मिळाला होता. मार्च २०२५ पासून डिफेंडरनं त्याला सर्रास पकडायला सुरुवात केली आणि अनेक हौशी टूलं एका आठवड्यात आडवी पडली.

काही जण ‘डिफेंडरमध्ये अपवाद टाका’ असा सल्ला देतात. आम्ही देत नाही. तापमान बघण्यासाठी घराचं दार उघडं टाकायचं कारण नाही. आताची आवृत्ती पॉनआयओ या दुसऱ्या ड्रायव्हरवर चालते. तिथे ड्रायव्हर स्वतः काहीच करत नाही. तो फक्त सही झालेले छोटे मॉड्यूल चालवतो आणि प्रत्येक मॉड्यूलला ठरावीक रजिस्टरांपुरतीच मुभा असते. लिब्रे हार्डवेअर मॉनिटर या मुक्त टूलनंही हीच वाट धरली आहे. पॉनआयओ वेगळा इन्स्टॉल करावा लागतो, एक पायरी वाढते, त्याला इलाज नाही.

स्वतःचा ड्रायव्हर काहून लिहीत नाही?

लिहिणं सोपं आहे, सही मिळवणं नाही. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून नवा कर्नल ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टकडून सही करून घ्यावा लागतो आणि त्यांच्या पोर्टलवर जायलाच ईव्ही, म्हणजे कडक पडताळणीनंतर मिळणारं, प्रमाणपत्र लागतं. ते संस्थेला मिळतं, दर काही काळानं नव्यानं घ्यावं लागतं आणि त्याचा खर्च हौसेच्या खिशाबाहेरचा आहे. शिवाय एक वाईट ड्रायव्हर जाऊन दुसरा, आम्ही घाईत लिहिलेला, येण्यात कुणाचं भलं?

दुसरं टूल चालू असताना ‘पारा’ मध्येच २०० दाखवते.

रायझनवर आणि सुपर आयओवर वाचन दोन पायऱ्यांत होतं: आधी एका जागी पत्ता लिहायचा, मग दुसऱ्या जागेवरून उत्तर उचलायचं. या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणात दुसऱ्या टूलनं आपला पत्ता लिहिला, की आपण त्याचं उत्तर घेऊन घरी येतो. यासाठी शहाण्या टूलांनी सामायिक म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारी किल्ली, ठरवून घेतलंय: पीसीआयसाठी एक, आयएसए बससाठी एक. ते हातात असेपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं. आम्ही पाळतो. बोर्डांबरोबर येणारी काही टूलं पाळत नाहीत. अशा वेळी दोन्हींपैकी एकच चालवा.

तुम्ही स्वतः कोड लिहीत असाल तर आणखी एक. इंटेलवर प्रत्येक कोअरचं रजिस्टर त्याच कोअरवर बसून वाचावं लागतं, म्हणून आधी थ्रेड त्या कोअरला बांधायचा, मग वाचायचं. बांधायचं राहिलं तर प्रोग्राम बिनतक्रार चालतो, फक्त सगळ्या कोअरांचं तापमान एकसारखं येतं आणि लिहिणाऱ्याला वाटतं, वा, पेस्ट काय सुंदर लागलीय.

टूल चालवल्यानंच प्रोसेसर तापतो का?

किंचित. वाचायला प्रत्येक कोअर उठवावा लागतो, झोपलेला असला तरी. दर सेकंदाला दहा वेळा वाचलं तर रिकाम्या लॅपटॉपवर फरक दिसतो. म्हणून आमचं डीफॉल्ट दोन सेकंद आहे.

लिनक्सवर?

तिथे आनंद आहे. इंटेलसाठी कोअरटेम्प आणि एएमडीसाठी के१०टेम्प हे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. सिस फाइल सिस्टिममधल्या एचडब्ल्यूमॉन फोल्डरात तापमान साध्या मजकुराच्या फाइलीत मिळतं, अंशाच्या हजाराव्या भागात. ५४००० म्हणजे ५४. रूट, म्हणजे प्रशासकाचे हक्क, लागत नाहीत. फक्त एक काळजी घ्या: फोल्डरांचे क्रमांक कायमचे नसतात. आज प्रोसेसर एचडब्ल्यूमॉन२ असेल, पेन ड्राइव्ह लावून बूट केलं की ३ होईल. क्रमांक कोडमध्ये ठोकू नका, प्रत्येक फोल्डरातली नावाची फाइल वाचून ओळखा.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर थर्मल झोनच्या फोल्डरातली फाइल वाचली की झालं, एककही तेच. हॉस्टेलच्या खोलीत डबी बंद करून चालवणार असाल तर ८० अंशांपासून तो वेग कमी करू लागतो हे लक्षात ठेवा.

व्हर्च्युअल मशीनमध्ये? मॅकवर? मोबाइलवर?

व्हर्च्युअल मशीनमध्ये खरा सेन्सर पोचतच नाही. मॅक आमच्यापैकी कुणाकडे नाही. मोबाइलचं म्हणाल, तर अँड्रॉइड साध्या ॲपला प्रोसेसरचं तापमान देत नाही. ‘फोन थंड करा’वाली ॲपं दाखवतात ते बहुतेकदा बॅटरीचं तापमान असतं.

पंख्याचा वेग वाढवायची सोय द्या ना, भाऊ.

नाही देणार. ‘पारा’ फक्त वाचतो, वाचण्यापुरता पत्ता लिहिला तरी कुठेही काही बदलत नाही. अपवाद एकच, वर सांगितलेला लाल ठिपका पुसण्याचा. पंख्याच्या रजिस्टरात चुकीचा आकडा गेला आणि मधेच टूल बंद पडलं, तर पंखा त्याच वेगावर अडकून बसतो, आणि मे महिन्यात तो वेग शून्य असेल तर काय होईल ते सांगायला नको. लॅपटॉपवर तर पंखा एम्बेडेड कंट्रोलर नावाच्या वेगळ्या चिपच्या हातात असतो आणि प्रत्येक मॉडेलचा नकाशा वेगळा. पंख्यासाठी वेगळी, चांगली टूलं आहेत. बायोसमधला पंख्याचा आलेख तर फुकट आहे, तो आधी वापरा.

अलार्म सारखा वाजते. बंद कसा करू?

जुन्या आवृत्तीत एका वाचनावर वाजायचा. रायझनवर नुसतं ब्राउझर उघडलं तरी क्षणभर दहा-पंधरा अंशांची उडी येते, म्हणून तो छळायचा. आता मर्यादेच्या पाच अंश आत सलग दहा सेकंद राहिला तरच वाजतो, आणि एकदा वाजल्यावर दहा अंश खाली उतरल्याशिवाय पुन्हा वाजत नाही. रायझन ७००० वाल्यांनी तो बंदच ठेवावा. रात्री लाइट जाऊन मशीन यूपीएसवर गेलं असेल आणि खोलीतला कूलरही बंद पडला असेल, तेव्हाचा अलार्म मात्र ऐका.

नोंदवहीची फाइल एक्सेलमध्ये उघडली तर आकडे मजकूर समजतो.

पडद्यावर देवनागरी आकडे असले तरी आताच्या आवृत्तीत फाइलीत इंग्रजी अंकच जातात, आणि दशांशचिन्ह टिंबच असतं, मशीनची भाषा कोणतीही असो. तुमची फाइल त्याआधीच्या आवृत्तीची दिसते. ‘साधनं’ मेन्यूत ती बदलून घ्यायची सोय आहे.

पेस्ट कोणती लावू?

सीताबर्डीत मिळेल ती, कुठल्याही ओळखीच्या कंपनीची. पेस्टच्या दोन ब्रँडांतला फरक दोन-चार अंशांचा, हीटसिंकच्या पात्यांतून वर्षभराची धूळ काढली तर त्याहून कितीतरी जास्त. धूळ काढताना पंखा बोटानं धरून ठेवा, ब्लोअरच्या वाऱ्यानं तो गरगर फिरू देऊ नका.

माझा नवा प्रोसेसर ओळखत नाही. काय पाठवू?

‘मदत’मधून अहवाल तयार होतो, तो पाठवा. त्यात प्रोसेसरचं कुटुंब, मॉडेल आणि स्टेपिंग हे सीपीयूआयडीचे तीन आकडे, रजिस्टरांची कच्ची वाचनं आणि बोर्डाचं नाव असतं. तुमचं नाव, मशीनचं नाव, फाइलींची यादी यातलं काही नसतं. पाठवण्याआधी नोटपॅडमध्ये उघडून खात्री करा. अहवाल दोन हवेत: एक मशीन रिकामं असताना, एक दहा मिनिटं पूर्ण भार दिल्यावर. दोन्हींबरोबर खोलीचं तापमान लिहा. ‘पारा’ आपणहून इंटरनेटवर काहीही पाठवत नाही.

कोड बदलून माझ्या दुकानातल्या मशीनांवर टाकला तर चालेल?

चालेल. कोड सी शार्पमध्ये आहे आणि परवाना एमपीएल (मोझिला पब्लिक लायसन्स) २.० चा, लिब्रे हार्डवेअर मॉनिटरचाच, कारण सेन्सर ओळखण्याचा बराचसा भाग तिथून घेतलाय. अट अशी की त्या परवान्याखालच्या ज्या फाइली बदलून तुम्ही दुसऱ्यांना द्याल, त्यांचा कोड खुला ठेवायचा. तुमच्या स्वतःच्या वेगळ्या फाइलींवर बंधन नाही. पैसे घेऊन मशीनं विका, हरकत नाही. टूल आमच्या नावानं विकू नका.

काढून कसं टाकू?

फोल्डर खोडा, झालं. रजिस्ट्रीत काही लिहिलेलं नसतं, नोंदवहीही त्याच फोल्डरात असते. पॉनआयओ मात्र वेगळा इन्स्टॉल झालेला असतो, तो विंडोजच्या ॲप यादीतून काढावा लागेल. त्याआधी दुसरं एखादं टूल त्यावर चालत नाही ना, ते बघून घ्या.